पाहुण्यांच्या हातातला दोर

कळीच्या चुन्याला पाणी लागलं की तो उकळतो, हे आमच्याकडे भिंती पोतणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पण हाच चुना लाकडी जहाजाच्या पोटात भरलेला असेल आणि भर समुद्रात फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत झिरपू लागलं तर? अमेरिकेच्या मेन राज्यात रॉकलंड नावाचं बंदर आहे. तिथल्या भट्ट्यांत भाजलेला चुना एकोणिसाव्या शतकात शिडाच्या जहाजांतून न्यूयॉर्कपर्यंत जायचा. पाणी लागून तो तापला की भोवतालचं लाकूड धुमसू लागे. आगीवर पाणी ओतण्याची सोयच नव्हती, कारण पाण्यानं ती आणखी भडकणार. मग खलाशी जहाजाची सगळी दारं-झाकणं बंद करत, एकेक फट गिलाव्यानं लिंपून टाकत, जहाज किनाऱ्यापासून दूर नांगरत आणि हवेवाचून आग गुदमरण्याची वाट पाहत बसत. कधी ती विझे. कधी जहाजच जाई.

अशा जहाजांना स्कूनर म्हणतात. त्याच जातीच्या एका जुन्या जहाजावर जुलै महिन्यात आम्ही पाहुणे म्हणून राहिलो. आम्ही म्हणजे मी, माझे यजमान, मुलगी, जावई आणि नात. आमच्याखेरीज वीसएक अनोळखी माणसं. जिथं पूर्वी चुन्याची पिंपं आणि लाकडाचे ओंडके रचलेले असत, तिथं आता छोट्या छोट्या खोल्या आहेत. एकीत दोन माणसं कशीबशी मावतात, उशाशी एक दिवा असतो. डोक्यावरच्या फळ्यांपलीकडे रात्रभर पावलांचा आणि पाण्याचा आवाज येत राहतो.

मी काटोलची. माझी सगळी नोकरी तिथल्या शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. यजमानांची संत्र्याची बाग आहे. महाराष्ट्राच्या नकाशावर बोट ठेवून समुद्रापासून जास्तीत जास्त लांबचं गाव शोधायला सांगितलं, तर मुलं आमच्याच आसपास येऊन थांबतील. नागपूरचा झिरो माइलचा दगड आमच्यापासून साठेक किलोमीटरवर आहे आणि मुंबई रेल्वेनं आठशेहून जास्त. आमची जाम नदी उन्हाळ्यात वाळूची असते. आमच्याकडचं पाणी विहिरीचं किंवा बोअरचं, आणि तेही दर वर्षी थोडं आणखी खाली गेलेलं. मृग बहार धरायचा म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत झाडांचं पाणी मुद्दाम तोडायचं, त्यांना ताण द्यायचा, मग पावसाची वाट पाहायची. पाणी जवळ येतं तेव्हा कसं येतं, तेही आम्ही पाहिलेलं आहे. शेजारच्या नरखेड तालुक्यातल्या मोवाडवर ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीचा पूर चालून आला. दोनशेवर माणसं गेली, गाव पुसलं गेलं. त्या दिवसानंतर आमच्या भागातली म्हातारी माणसं मोठ्या पाण्याचं नाव निघालं की गप्प होतात.

अशा गावातल्या वर्गात मी वर्षानुवर्षं खारे वारे आणि मतलई वारे शिकवले. दिवसा जमीन लवकर तापते, हवा वर जाते, समुद्रावरची थंड हवा जमिनीकडे धावते. रात्री उलट. फळ्यावर बाण काढायचे, मुलांनी वहीत काढून घ्यायचे, परीक्षेत दोन गुण मिळवायचे. मेनच्या किनाऱ्यावर पहिल्याच दिवशी दुपारी ते बाण माझ्या कानशिलांवर आदळले. सकाळभर पाणी आरशासारखं होतं. अकराच्या सुमाराला नैऋत्येकडून पहिली झुळूक आली, पाण्यावर बारीक सुरकुत्या उमटल्या, आणि दीड-दोन वाजेपर्यंत जहाज एका बाजूला कलून असं निघालं की नातीनं माझा हात घट्ट धरला. मी तिला कारण सांगितलं. इतकी वर्षं सांगत आलेले तेच शब्द, पण त्या दिवशी पहिल्यांदा ते सांगताना समोर दाखवायला वारा होता.

जहाजाला इंजिन नाही, हे आमच्या यजमानांना आधी पटेचना. "याले इंजिनच नाही? मंग हे चालते कशावर?" त्यांनी जावयांना विचारलं. नात म्हणाली, "आबा, वाऱ्यावर." ते बराच वेळ वर पाहत राहिले. बागायतदाराचं वाऱ्याशी नातं नुकसानीचं असतं. वादळात आंबिया बहाराची फळं गळतात, फांद्या मोडतात, मग तलाठी येऊन पंचनामा करतो. वारा माणसासाठी राबतोय, हे त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं. वारा अगदीच पडला की मागे बांधलेली एक छोटी मोटारहोडी जहाजाच्या पाठीला नाक लावून त्याला ढकलते. बाकी सगळं शिडांच्या जोरावर.

स्कूनर म्हणजे दोन किंवा अधिक डोलकाठ्यांचं जहाज. दोनच असल्या तर मागची डोलकाठी बहुधा उंच. शिडं जहाजाच्या लांबीला समांतर लावलेली. चित्रांत दिसणारी मोठी युरोपीय जहाजं आडव्या चौकोनी शिडांची असत. ती शिडं सोडायला-गुंडाळायला खलाशांना डोलकाठीवर चढावं लागे, म्हणून माणसंही पुष्कळ लागत. स्कूनरची शिडं खाली उभं राहून दोरानं चढवता-उतरवता येतात. वाऱ्याच्या तोंडाकडेही ती बऱ्यापैकी जवळ जाऊ शकते. चार-पाच माणसांत जहाज चालतं. किनाऱ्याकिनाऱ्यानं स्वस्त माल वाहणाऱ्याला आणखी काय हवं? चुना, ग्रॅनाइट, विटा, जळाऊ लाकूड, मासळी, नाताळची झाडं, सगळं याच जहाजांतून गेलं. आम्ही ज्याच्या जवळून गेलो त्या व्हाइनलहेवन बेटावरच्या खाणींतला ग्रॅनाइट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाला लागला आहे.

चार-पाच माणसांत चालणाऱ्या जहाजाचं शीड मात्र पाहुण्यांनी चढवायचं, अशी तिथली रीत आहे. सक्ती नाही, पण कुणी बसून राहत नाही. मोठ्या शिडाच्या माथ्यावर एक जाड दांडा असतो. त्याला दोन दोर, एक डोलकाठीजवळच्या टोकाला, दुसरा बाहेरच्या टोकाला. पाहुण्यांच्या दोन रांगा होतात, डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि दोन्ही रांगांनी एकाच लयीत ओढायचं. एका बाजूनं घाई केली तर दांडा तिरका होऊन अडकतो. विशीतली एक खलाशी मुलगी ओरडून लय देत होती. माझ्यापुढे ओहायोहून आलेल्या एक निवृत्त परिचारिका होत्या, मागे एक तरुण जोडपं. त्यांची भाषा मला अर्धीच कळत होती, पण दोर ओढताना ती लागलीच नाही. शीड अर्ध्यावर गेलं की ते जड होतं, तळवे भाजतात, मग वरून हुकूम येतो की थांबा. सगळे दोर धरून उभे. पुन्हा ओढा. शेवटच्या हातभर अंतराला सगळ्यांची सगळी ताकद लागते. आणि मग डोक्यावर ते एवढं मोठं कापड हवेनं भरतं.

नांगर उचलण्याचंही तसंच. समोरच्या टोकाशी लोखंडी यंत्र आहे, त्याला दोन्ही बाजूंना लांब दांडे, गावातल्या हापशीसारखे खालीवर करायचे. एकेका हिसक्याला साखळीची एखाद-दुसरी कडी वर येते. हापशी म्हटल्यावर यजमान पुढे झाले. कुणी थांबा म्हणेपर्यंत त्यांनी दांडा सोडला नाही. कप्तानानं जवळ येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हटलं. जावयांनी मराठीत सांगितलं, "बाबा, तो म्हणतोय, उद्यापण हे काम तुमचंच." त्यानंतर रोज सकाळी ते सगळ्यांच्या आधी तिथं जाऊन उभे राहत.

स्वयंपाकघर खाली पुढच्या भागात होतं. तिथं लोखंडी चूल, लाकडावर चालणारी. पहाटे चारला स्वयंपाकी ती पेटवी आणि उजाडायच्या सुमाराला ताज्या पावाचा वास वर येई. त्या काही दिवसांत आषाढी एकादशी आली. यजमान माळकरी, त्यांचा उपास. मुलीनं स्वयंपाक्याला विठ्ठल, पंढरपूर, वारी हे सगळं समजावून सांगितलं, आणि त्या भल्या माणसानं दोन प्रश्न विचारून घेतले: बटाटा चालेल का? मीठ चालेल का? नेमकं त्याच संध्याकाळी एका निर्जन बेटावर सगळ्यांसाठी लॉबस्टरचं जेवण होतं. मोठ्या पातेल्यात समुद्राचं पाणी, त्यात लॉबस्टर, कणसं, बटाटे, वरून समुद्रशेवाळ पसरून झाकण. आमच्यासाठी त्यानं वेगळ्या भांड्यात आधीच बटाटे उकडून ठेवले होते, सोबत फळं. खडकावर बसून यजमानांनी हरिपाठ म्हटला. थोड्या अंतरावर बाकीचे पाहुणे कवचं फोडत होते. कुणाला कुणाची अडचण झाली नाही. आमच्याकडे पाहुणचार कसा असावा याचं पुष्कळ बोललं जातं. मला तो त्या स्वयंपाक्याच्या दोन प्रश्नांत दिसला.

एक अख्खी सकाळ धुक्यात गेली. उबदार, दमट हवा उत्तरेकडून येणाऱ्या थंड प्रवाहाच्या पाण्यावर आली की धुकं धरतं. लॅब्रॅडॉरचा शीत प्रवाह, भूगोलाच्या पुस्तकातला. पुढची डोलकाठीसुद्धा दिसेना. एक मुलगा समोर उभा राहून ठरावीक वेळानं भोंगा वाजवत होता आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं होतं, कारण दुसऱ्या जहाजाचा भोंगा ऐकू आला पाहिजे. मोठी माणसं, लहान मुलं, वीस-बावीस जण कान देऊन बसलेले. धुकं उघडलं तेव्हा पलीकडे एक जुनी स्कूनर सगळी शिडं लावून जात होती. नातीच्या हातात किनाऱ्यावर मिळालेली जहाजांची माहितीपुस्तिका होती. तीत पाहून कळलं, ती स्कूनर 'लुईस आर. फ्रेंच' होती, १८७१ साली मेनमध्येच बांधलेली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर बांधलेली 'स्टीफन टेबर' हीसुद्धा आजवर याच पाण्यात पाहुणे घेऊन फिरते. 'ग्रेस बेली' १८८२ची, 'मर्कंटाइल' १९१६ची. यांतल्या जुन्या जहाजांना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा सर्वोच्च दर्जा दिला. पण दर्जा मिळाला म्हणून ती वाचली नाहीत. ती वाचली होती, म्हणून दर्जा द्यायला काही उरलं होतं.

ती वाचली कशी, ही गोष्ट मला त्या सफरीतली सगळ्यात मोलाची वाटते. विसाव्या शतकात आधी आगबोटींनी आणि रेल्वेनं, मग ट्रकनं स्कूनरचा माल पळवला. मालकांनी जहाजं खाडीत सोडून दिली. बॉस्टनहून रॉकलंडला जाताना वाटेत विस्कॅसेट नावाचं गाव लागतं. तिथं 'हेस्पर' आणि 'ल्यूथर लिटल' या चार डोलकाठ्यांच्या दोन भल्यामोठ्या स्कूनर १९३२पासून चिखलात रुतून पडल्या होत्या. लोक रस्त्याच्या कडेला थांबून त्यांचे फोटो काढत. सहा दशकं त्या कुजत राहिल्या आणि १९९८मध्ये उरलेसुरले लाकडी सांगाडे उचलून नेले गेले. बाकीच्यांचंही हेच झालं असतं. पण १९३६मध्ये कॅम्डन गावच्या फ्रँक स्विफ्ट या माणसानं 'मेबल' नावाची एक स्कूनर भाड्यानं घेतली आणि मालाच्या जागी उन्हाळ्याच्या सुट्टीतली माणसं भरायचं ठरवलं. पहिल्या सफरीला बॉस्टनच्या फक्त तीन बायका आल्या. तो थांबला नाही. एकेक करत त्यानं मोडीत निघालेली जहाजं घेतली, दुरुस्त केली आणि पाहुण्यांसाठी सजवली. पुढे इतर कप्तानांनी तोच मार्ग धरला. आज मेनच्या किनाऱ्यावर मेअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ही जहाजं चालतात. हिवाळ्यात ती झाकून ठेवतात. वसंतात कप्तान आणि खलाशी स्वतः खरवडतात, सांधे बुजवतात, रंग देतात. लाकडी जहाजाला दर वर्षी हात लागला नाही तर ते मरतं. तिकिटाच्या पैशातून तो हात विकत घेता येतो, इतकं ते सरळ आहे.

हे ऐकत असताना माझ्या मनात सारखं कोकण येत होतं.

काही वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन आम्ही मालवणला गेलो होतो. काटोलची मुलं, बहुतेकांनी पहिल्यांदाच समुद्र पाहिलेला. मोटारबोटीनं सिंधुदुर्गावर गेलो. महाराजांनी १६६४ साली बांधकाम सुरू केलेला तो किल्ला, तटबंदी, गोड्या पाण्याच्या विहिरी, सगळं पाहून झालं. परतताना एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पुस्तकातली शिडाची जहाजं कुठं आहेत?" मालवणच्या त्या अख्ख्या बंदरात तिला दाखवायला मला एकही शिडाचं जहाज दिसलं नाही. गुराबा आणि गलबतं इतिहासाच्या धड्यात होती. फत्तेमारी आणि पडाव म्हाताऱ्यांच्या बोलण्यात होते. किल्ला होता, पण ज्या जहाजांसाठी तो बांधला ती नव्हती.

कोकणचं आणि मेनचं दुखणं एकच आहे. आपल्याकडेही मीठ, कौलं, लाकूड, भात, सुकी मासळी शिडाच्या जहाजांतून बंदरोबंदरी जात होती. ट्रक आले, शिडाच्या जागी इंजिनं आली आणि शिडं गुंडाळून ठेवली गेली. माणसं आगबोटीनं जात. मे महिन्यात मुंबईचा चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसे आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी एकेक बंदरं घेत गावी पोचे. पुढे रस्ते झाले, एसटी आली, बोट बंद पडली, आणि १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. मेनमध्ये एका माणसानं जुन्या जहाजात पाहुणे बसवले. आपल्याकडे तो माणूस झाला नाही. एवढाच फरक.

तो कारागिरीचा फरक नव्हता, हे मला ठासून सांगायचं आहे. विजयदुर्गजवळ वाघोटन खाडीत मराठी आरमाराची खडकात खोदलेली गोदी अजून दिसते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं मलबारी सागवानाची बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही लढाऊ नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती आजही तरंगते आहे, इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात, आणि लोक तिकीट काढून ती पाहायला जातात. मुंबईत बांधलेलं जहाज दोनशे वर्षांनी पाहायचं तर हार्टलपूल गाठावं लागतं, याची मला मनापासून खंत वाटते.

आणि ही कारागिरी संपलेलीही नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली. २००९मध्ये ती नौदलाकडे आली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडाच्या नौकेतून हे करणारे ते पहिले भारतीय. त्याच कारखान्यातल्या 'तारिणी'वरून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा नौदल अधिकारी स्त्रिया १० सप्टेंबर २०१७ रोजी निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी जगाला वळसा घालून गोव्याला परतल्या. मी तेव्हा वर्गात भिंतीवर नकाशा लावून रोज त्यांचा मार्ग मुलींना दाखवत असे. नौदलाची तीन डोलकाठ्यांची 'तरंगिणी' गोवा शिपयार्डनं बांधली, ती १९९७पासून प्रशिक्षणार्थींना घेऊन जगभर फिरते. आणि अलीकडचं उदाहरण तर थेट आपल्या डोंगरांतून निघालेलं आहे. अजिंठ्याच्या लेण्यात रंगवलेल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून, खिळ्यांऐवजी काथ्यानं फळ्या शिवून बांधलेली 'कौंडिण्य' २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती पोरबंदरहून मस्कतकडे निघाली. ज्या चित्रकारानं ते जहाज रंगवलं तो अजिंठ्याच्या घळीत, समुद्रापासून कितीतरी लांब बसला होता. तरी त्यानं ते असं काढलं की दीड हजार वर्षांनी त्यावरून जहाज बांधता आलं. समुद्र फक्त किनाऱ्यावरच्यांचा असतो, असं मला कुणी म्हटलं तर मी त्या भिंतीकडे बोट दाखवीन.

पण या सगळ्या नौका नौदलाच्या. काटोलच्या मुलीला त्यांवर चढता येणार नाही, दोर ओढता येणार नाही. आणि माझं म्हणणं तेवढ्यासाठीच आहे. वस्तू काचेच्या कपाटात ठेवून जपणं ही जपण्याची सगळ्यात दुबळी रीत. आमच्याकडची 'शकुंतला' आठवा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची अरुंद रुळांची गाडी, कापूस वाहण्यासाठी इंग्रज कंपनीनं घातलेली. कापूस ट्रकनं जाऊ लागला. मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४मध्ये काढून घेतलं गेलं. पुढे गाडीही थांबली. आता वऱ्हाडात तिच्या आठवणींचे लेख निघतात, जुने फोटो फिरतात. तिच्या डब्यात पाहुणे बसवून, सुट्टीच्या दिवशी का होईना, ती चालवत ठेवली असती तर लेखांची गरज पडली नसती.

कोकणच्या समुद्राचा हंगाम मेनच्या बरोबर उलटा आहे. तिकडे जुलै म्हणजे भर हंगाम. आपल्याकडे जुलैत समुद्र खवळलेला असतो, आणि १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसं गेली, ते विसरून चालणार नाही. पाहुण्यांना पाण्यावर न्यायचं तर नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळल्यावर, ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत, मोजकी माणसं, प्रत्येकाच्या अंगावर तरंगजाकीट, आणि पावसाचा नुसता सुगावा लागला तरी जहाज बंदरात. मेनमध्येही तटरक्षक दल प्रत्येक जहाज तपासतं, ठरलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस जास्त चढू देत नाही. शिस्त असेल तर आनंदाला काही कमी पडत नाही, हे मी तिथं डोळ्यांनी पाहिलं. आणि वारा तर आपल्याकडे अधिकच भरवशाचा. दिवाळीपासून होळीपर्यंत सकाळी मतलई, दुपारी खारा. वेळापत्रक लावून घ्यावं इतका नियमित.

विजयदुर्गहून सकाळच्या वाऱ्यावर निघावं, देवगडच्या दीपगृहाखाली नांगर टाकावा, दुसऱ्या दिवशी मालवण. रात्री जहाजावरच मुक्काम. चुलीवर भात, कुळथाची पिठी, उपासाला रताळी. पाहुण्यांनी शीड चढवायचं, नांगर ओढायचा, तांडेलाकडून वारा ओळखायला शिकायचं. कोकणातल्या बंदरांत असे तांडेल अजून आहेत, ज्यांच्या वाडवडलांनी शिडावर केरळ आणि अरबस्तान गाठलं होतं. ते आणखी थोडी वर्षं आहेत. त्यांच्या हातातलं ज्ञान वहीत उतरवून घेता येत नाही. दोराच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी उभं राहावं लागतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्र सागरी मंडळानं, पर्यटन महामंडळानं किंवा कोकणातल्या एखाद्या धाडसी जहाजमालकानं एक, फक्त एक, शिडाचं जहाज पाहुण्यांसाठी बांधावं. दिवाडीला बांधा, नाहीतर वाघोटन खाडीत. फत्तेमारीच्या घाटाचं बांधा, गलबताच्या घाटाचं बांधा, पण इंजिनाचा आवाज न करता वाऱ्यावर चालणारं बांधा. पहिल्या सफरीला तीनच पाहुणे आले तरी थांबू नका. आणि त्यातल्या काही जागा दर वर्षी विदर्भातल्या सरकारी शाळांच्या मुलांसाठी राखून ठेवा. काटोलहून मुलं आणण्याचं काम माझ्याकडे लागलं.